पोटात गोळा: नववीच्या प्रकल्पाची वही

10 नोव्हेंबर 2025, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली आणि टेबलावर तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचं पत्रक येऊन पडलं. गेल्या वर्षी आम्ही ठिबक सिंचन नेलं होतं. आणखी सहा शाळांनीही तेच नेलं होतं. म्हणून यंदा विषय मुलींनीच सुचवायचा असं मी वर्गात सांगितलं. त्यावर कोणी तोंड उघडलं नाही.

विषय मिळाला तो संध्याकाळच्या गाडीत. गुहागरहून आमच्या गावाकडे उतरताना पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, एक जुनी मोरी आहे. तिथे रस्ता म्हशीच्या पाठीसारखा वर येतो. आमचा ड्रायव्हर तिथे ब्रेकला पाय लावत नाही. गाडी चढली, उतरली आणि मागच्या बाकांवरून एकसुरात "ऊऽऽई" निघालं. मीही पोट धरलं, पण माझ्या तोंडून आवाज आला नाही इतकंच. खारवीवाड्यातली पोर मागून वाकून म्हणाली, "बाई, पोटात गोळा कशाने येतो हो?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. "गुरुत्वाकर्षणामुळे" हे उत्तर नव्हे, हे मलाच कळत होतं. गुरुत्वाकर्षण तर बाकावर बसलेलं असतानाही असतं, तेव्हा कुठे गोळा येतो?

गटात तिघी: एक खारवीवाड्यातली, एक आगरातली, एक वरच्या वाडीतली. यापुढे वहीत त्यांना असंच म्हणेन.

11 नोव्हेंबर

तिघींचे अंदाज लिहून घेतले.

आगरातली: गाडी खाली जाते, पोट मागे राहतं.
वरच्या वाडीतली: काही नाही, नुसती भीती.
खारवीवाड्यातली: आजी म्हणते, बेंबी सरकते.

मग शब्दांवरून वाद झाला. काही घरांत "गोळा आला" म्हणतात, काहींत "खड्डा पडला". एकात पोट भरल्यासारखं, दुसऱ्यात रिकामं झाल्यासारखं, आणि अनुभव एकच! मला यातच काहीतरी हाताला लागेलसं वाटतंय. नेमकं काय, ते अजून सांगता येत नाही.

13 नोव्हेंबर, गुरुवार

बाटलीचा प्रयोग. एक लिटरची प्लास्टिकची बाटली, तळाजवळ तापल्या दाभणाने भोक. पाणी भरलं की भोकातून धार लागते. बाटली हातातून सोडली की पडताना धार थांबते, असं पुस्तकात आहे. आम्ही पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली बादलीत सोडायचं ठरवलं.

पहिल्या तीन वेळा धार मुळात लागलीच नाही. भोक बुजलं असेल म्हणून दाभण दोनदा पुन्हा तापवलं. शेवटी शिपाईकाका खालून ओरडले, "झाकण तरी काढा गो!" झाकण घट्ट असलं की बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत अडवून धरतो. हे मी आठवीला दरवर्षी शिकवते.

झाकण काढल्यावर जमलं. गॅलरी साडेतीन मीटर उंच, म्हणजे बाटली खाली पोहोचायला 0.85 सेकंद. डोळ्याने धड दिसत नाही, म्हणून मोबाइलवर संथ गतीचं चित्रण केलं. हातात असताना धार वाकून पडतेय, हात सुटला आणि धार तुटली. भोक उघडं आहे, पाणी आहे, पण बाहेर येत नाही. पाणी आणि बाटली सारख्याच वेगाने पडतायत, तेव्हा पाण्याचा भार तळावर नाही आणि भोकातून रेटायला मागे काही नाही.

आगरातली खूश झाली. तिचं म्हणणं होतं पोट मागे राहतं. इथे पाणी तर मागे राहिलेलं नाही, हे तिला दाखवल्यावर ती थोडी कमी खूश झाली.

मग वरच्या वाडीतलीने कोणी न सांगता एक गोष्ट केली. तिने बाटली वर फेकली. चित्रण पाहिलं तर हात सुटल्याक्षणी धार थांबलेली, आणि बाटली अजून वर चाललेली! तिघी माझ्याकडे बघायला लागल्या. मीही चार वेळा बघितलं. बरोबरच आहे: हात सुटला की वर जाणारी वस्तूही "पडतच" असते, तिचा वर जायचा वेग दर सेकंदाला 9.8 मीटरने घटत असतो. आधार सुटला त्याच क्षणी भार गेला. दिशा कुठली का असेना.

म्हणजे 10 तारखेचा माझा मनातला प्रश्नच चुकीचा होता. मी "पडताना काय होतं" असं विचारत होते. विचारायला हवं होतं, "आधार सुटला की काय होतं".

16 नोव्हेंबर, रविवार

सकाळी मटणाच्या दुकानात. घरचे हसले, पण वही घेऊनच गेले. बोकडाची वजडी काढताना जरा दाखवा म्हटलं तर दुकानदाराने सुरी थांबवून प्रेमाने दाखवलं.

आतडं पाण्याच्या नळीसारखं सुटं नसतं. ते एका पातळ, ओल्या, चकचकीत पडद्याच्या कडेला शिवलेल्या झालरीसारखं असतं. त्या पडद्यातून लाल रेघा गेलेल्या, त्या रक्तवाहिन्या. पडदा पाठीच्या बाजूला एकत्र येऊन चिकटलेला. दुकानदाराने बोटाने झालर उचलली, सोडली. ती लोंबली, हलली, पण तुटली नाही. वर चरबीची जी जाळी असते ती वेगळी, तिला ओढून तो म्हणाला, "ह्याला नव्हे, बाई, त्या आतल्याला बघा."

माणसातही तसंच. सहा मीटरच्या आसपास लांबीचं लहान आतडं ज्या पडद्यावर असतं त्याचं पाठीकडचं मूळ जेमतेम 15 सेंटिमीटर. इंग्रजीत त्या पडद्याला मेसेंटरी म्हणतात. 2016 साली आयर्लंडमधल्या लिमरिक विद्यापीठाच्या केल्विन कॉफी या शल्यचिकित्सकांनी हा पडदा तुकड्यातुकड्यांचा नसून सलग एक अवयव आहे, असं मांडलं तेव्हा त्याची बातमी झाली होती. यकृत दीड किलोच्या आसपास, ते श्वासपटलाला खालून टांगलेलं. जठर वरून अन्ननलिकेला आणि बाजूंनी पडद्यांना धरून.

थोडक्यात पोट ही भरलेली पिशवी नव्हे, टांगलेल्या सामानाची खोली आहे. उभं असताना प्रत्येक दोरीवर ताण असतो आणि तो चोवीस तास असतो म्हणून जाणवत नाही. पडद्यांत आणि अवयवांच्या भिंतींत ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. आधार सुटला की सगळ्या दोऱ्या एकदम ढिल्या. अवयव किंचित वर सरकतही असतील, पण घशाशी वगैरे काही येत नाही.

खड्डा म्हणणारेही बरोबर आणि गोळा म्हणणारेही बरोबर, असं मी घरी येऊन म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, "मटण आणलंस का?" नव्हतं आणलं.

18 नोव्हेंबर

फायफॉक्स नावाचं ॲप मोबाइलवर घेतलं. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात बनवलेलं, फुकट आहे. मोबाइलमधला त्वरण मोजणारा सेन्सर काय वाचतोय ते आलेखात दाखवतं.

टेबलावर ठेवलेला मोबाइल: 9.8 (मीटर प्रति सेकंद वर्ग, पुढचे आकडेही याच एककात).
गादीवर 1.2 मीटरवरून सोडलेला मोबाइल: अर्ध्या सेकंदापुरता जवळजवळ शून्य, मग गादीवर आदळल्याचं उंच टोक. ते टोक 39 ला सपाट कापलेलं दिसलं. माझ्या मोबाइलचा सेन्सर तिथपर्यंतच मोजतो.

वरच्या वाडीतली म्हणाली, "बाई, हे उलटं नाही का? पडून आहे तो 9.8, आणि पडतोय तो शून्य?"

हा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला प्रश्न. तासभर यावरच गेला. सेन्सर पृथ्वीची ओढ मोजतच नाही, तो टेबलाचा रेटा मोजतो. आपण "वजन" म्हणून जे अनुभवतो तेही तेच: जमीन, बाक, खाट आपल्याला खालून जो रेटा देते तो. ओढ सगळ्या अवयवांना सारखीच लागते, म्हणून ती आत कुठेच टोचत नाही. आईनस्टाईन 1907 मध्ये बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरीला असताना त्यांना हेच सुचलं होतं, की पडणाऱ्या माणसाला स्वतःचं वजन जाणवणार नाही. आयुष्यातला सर्वांत आनंदाचा विचार, असं त्यांनी पुढे त्याला म्हटलं. आमच्या वर्गात आनंद थोडा कमी होता कारण शाळा सुटायची वेळ झाली होती.

चौथ्या वेळी मोबाइल गादीच्या कडेवर पडला. काचेला कोपऱ्यात तडा. माझाच आहे.

19 नोव्हेंबर

आगरातलीच्या घरी झोपाळा. पितळी कड्यांचा, पडवीतला. मोबाइल फळीला पंचाने बांधला. साधारण 30 अंशांचा झोका: टोकाला 8.5, मध्ये 12.4. यात कुणालाच काही होत नाही, आजोबा तर त्यावर झोपतात.

मग आगराच्या टोकाला आंब्याला बांधलेला दोराचा झोका. दोर चार मीटरचा. मोठ्या पोरांनी ढकलून 60 अंशांपर्यंत नेला. टोकाला 4.9, तळाला 19.6. म्हणजे तळाशी दुप्पट वजन, आणि तिथून सेकंदाभरात अर्धं. गोळा कुठे आला ते हात वर करून सांगायचं ठरलं होतं. हात वर आला तो टोकापाशी, परत फिरताना. तळाशी वेग सगळ्यात जास्त असतो, तिथे एकदाही नाही.

वेगाचा संबंध नाही हे पक्कं करायला वरच्या वाडीतलीच्या दादाकडून मुंबईहून लिफ्टचा आलेख मागवला. त्याने लगेच पाठवला, चाकरमान्यांना कुणीतरी काही मागितलेलं आवडतं. खाली निघताना दीडेक सेकंद 8.9, मग सरळ 9.8, थांबताना 10.7. मधले अकरा मजले खाली जातानाही पोट शांत.

22 नोव्हेंबर, शनिवार

होडी. खारवीवाड्यातलीचे वडील तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. पहाटे नको, ओहोटी बघून नऊला या म्हणाले. लाइफ जॅकेट तिघींना आणि मला.

खाडीत पाणी तेलासारखं, आलेख सरळ. मुखाशी वाळूच्या बांधावर लाटा फुटतात, तिथे काम झालं. होडी लाटेवर चढली, नाळ (होडीचं पुढचं टोक) क्षणभर हवेत राहिली आणि धपकन खाली. नाळेवर बांधलेल्या मोबाइलमध्ये 3.6. मागे सुकाणापाशी धरलेल्या दुसऱ्या मोबाइलमध्ये त्याच लाटेला 7.9. नाळेवर बसलेल्या आगरातलीने दोन्ही हात वर केले, तांडेलकाका ओरडले, "हात खाली! धरून बस गो!" प्रयोगाची खूण बदलायला हवी होती, हे खरं.

बाहेर समुद्रात मात्र लांब, मऊ लाटा. वर-खाली जायला सहा सेकंद. आलेख 9.2 ते 10.4 मध्ये डुलतोय, नाव घेण्यासारखं काही नाही. गोळा कोणालाच नाही. पण वीस मिनिटांत वरच्या वाडीतली पांढरीफटक. बोट लागली. बिचारी काठावर वाकून ओकली आणि ओकून झाल्यावर म्हणाली, "बाई, किती वाजले ते लिहा." 9:52.

मी याची तयारी केली नव्हती. आपण हे दोन्ही "पोटात कसंतरी" याच नावाखाली ठेवतो, पण ते एक नव्हे. गोळा झटक्याचा, एखाद्या सेकंदाचा. बोट लागते ती संथ, न थांबणाऱ्या डुलण्याने. पाच-सहा सेकंदांची लय त्याला सगळ्यात वाईट. तांडेलकाकांना यातलं काही वाचायची गरज पडलेली नाही. ते म्हणाले, "फुटणाऱ्या लाटेत नवा माणूस घाबरतो, ओकत नाही. ओकतो तो बाहेर, मऊ पाण्यात."

24 नोव्हेंबर

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाई मधल्या सुट्टीत आल्या. कानावर बोलल्या, आणि मुली एरवी माझं ऐकत नाहीत तसं ऐकलं.

आतल्या कानात गिरकी ओळखणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांच्या शेजारी दोन छोट्या पिशव्या. त्या पिशव्यांत जेलीसारख्या थरावर बारीक खडे असतात आणि खाली केसांसारख्या पेशी. डोकं वर-खाली झटकलं किंवा आधार गेला, की खड्यांचा भार बदलतो, केस वाकतात, मेंदूला निरोप जातो. हे खडे कॅल्शियम कार्बोनेटचे. "म्हणजे शिंपल्याचेच की!" खारवीवाड्यातली म्हणाली. त्याच पदार्थाचे, हो. ती दिवसभर कान चोळत होती.

दुसरा निरोप पोटातून. व्हेगस नावाची मज्जातंतूंची लांब जुडी मेंदूच्या बुडातून निघून छातीतून पोटात उतरते. तिच्यातले बहुतेक तंतू हुकूम खाली नेत नाहीत, खबर वर आणतात. ढिल्या पडलेल्या दोऱ्यांची खबर तिच्या आणि पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या तंतूंच्या वाटेने पोहोचते. कान आणि पोट दोघेही एकदम सांगतात: आधार गेला. मग ॲड्रेनालिन, छातीची धडधड, हातांची पकड.

वरच्या वाडीतलीने विचारलं, "मग भीती म्हटलेलं माझं चूक का?" डॉक्टरबाई म्हणाल्या, अर्धं. ढिलाई आधी आणि भीती तिच्या पाठीवर. पण भीती आधीच बसलेली असेल तर गोळा मोठा. आणि परीक्षेच्या निकालाला पोटात खड्डा पडतो तेव्हा काहीच पडत नसतं. तिथे नुसती दुसरी अर्धी बाजू चालते.

25 नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर किनाऱ्यावर. "पायाखालची वाळू सरकणे" याची मोजणी करायची होती, ही कल्पना माझी. लाट ओसरताना टाचांखालून वाळू जाते, पाय खचतात. मोबाइल कमरेला. आलेख: 9.8, 9.8, 9.8. वाळू फार हळू जाते, आधार एका क्षणासाठीही सुटत नाही. म्हणीला गोळा येत नाही. प्रदर्शनात हे ठेवणार नाही, पण संध्याकाळ चांगली गेली.

29 नोव्हेंबर, शनिवार

देवदिवाळीनंतरची जत्रा, आकाशपाळणा. छोटा, पाच मीटर त्रिज्येचा, आठ सेकंदांत एक फेरी. मुलींचा आधीचा अंदाज होता की पाळणा बाजूने भरभर खाली येतो तिथे आकडा सगळ्यात कमी. तसं नाही. सगळ्यात कमी अगदी माथ्यावर, 6.7. तळाला 12.9. झोका आणि लिफ्ट आधी केल्यामुळे या वेळी समजावून सांगावं लागलं नाही, आगरातलीनेच दुसरीला समजावलं आणि मी खाजा खात उभी राहिले.

6 डिसेंबर, शनिवार

अखेर मोरी. ड्रायव्हरकाकांना आधी सांगितलं, ते लाजले आणि म्हणाले, "नेहमीसारखीच घेऊ ना?" नेहमीसारखी म्हणजे ताशी 40.

मधल्या बाकावर 5.6, शेवटच्या बाकावर 3.1. शेवटचा बाक मागच्या चाकांच्याही मागे लोंबतो, त्याला फेक जास्त मिळते. मागच्या बाकासाठी पोरं का भांडतात ते कळलं. काकांना स्वतःला मात्र गोळा येत नाही. स्टिअरिंग हातात, चढ दिसतोय, पोट आपोआप आवळलेलं. आगरातलीने परतीच्या फेरीला डोळे मिटून पाहिलं, तिला मघापेक्षा जास्त आला. खारवीवाड्यातलीला कमी. एवढ्यावरून काही लिहायचं नाही असं ठरलं.

वर्गात हिशोब. ताशी 40 म्हणजे सेकंदाला 11.1 मीटर. मधल्या बाकावर 9.8 मधून 4.2 गेले. वेगाचा वर्ग भागिले 4.2, म्हणजे मोरीच्या वळणाची त्रिज्या सुमारे 29 मीटर. मग वरच्या वाडीतलीने फळ्यावर जाऊन काढलं, की मधल्या बाकावरचा आकडा पूर्ण शून्य व्हायला गाडी किती वेगाने न्यावी लागेल. ताशी 61. हा आकडा मी लगेच पुसला आणि ड्रायव्हरकाकांना सांगायचा नाही अशी तिघींकडून शपथ घेतली.

18 डिसेंबर, गुरुवार

प्रदर्शन. बाटली, गादी, आलेखांचा तक्ता, आणि लोकरीची झालर शिवलेलं कापडी पोट. ते आगरातलीच्या आईने शिवलं, मटणाच्या दुकानात न जाता.

परीक्षकांनी विचारलं, "अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून तरंगतात, तेच ना हे?" मी मागे उभी, जीभ चावून. खारवीवाड्यातली म्हणाली, "नाही सर. स्थानक 400 किलोमीटरवर असतं, तिथे ओढ इथल्या नव्वद टक्के असते. ते सारखं पडत असतं, पण पुढे इतक्या वेगाने जातं की पृथ्वीला लागत नाही. शुभांशू शुक्ला यंदा 18 दिवस तिथे होते, ते 18 दिवस आमच्या बाटलीसारखे." परीक्षक म्हणाले, "मग त्यांना 18 दिवस गोळा?" ती अडली. मग म्हणाली, "बदल झाला की येतो सर. सारखं तेच असलं की मेंदू सोडून देत असेल." "असेल" म्हणाली म्हणून मला बरं वाटलं.

उत्तेजनार्थ मिळालं. पहिला क्रमांक ठिबक सिंचनाला.

20 डिसेंबर

गादी आगरातलीच्या घरी परत, उन्हात टाकून. तांडेलकाकांचा दोर परत. काच बदलायला मोबाइल चिपळूणला दिला.

वरच्या वाडीतली मधल्या सुट्टीत येऊन कोरी वही ठेवून गेली. पहिल्या पानावर लिहिलंय: बोट मलाच का लागली, तिला का नाही. खाली 22 नोव्हेंबर, 9:52.